हकीम आणि हाकीम एका घरचे कसे?

गेल्या अंकात ‘हुकूमनामा’ या शब्दावर दोन ओळी लिहिताना ‘हकीम’ हा त्याचाच नातलग आहे, असे मी जाता जाता म्हटले होते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्या कुळालाच देणे भाग आहे. त्यांतली पाच पत्रे थोडक्यात देऊन उत्तरे देत आहे.

‘हुकूम’, ‘हाकीम’, ‘हकीम’ आणि ‘हिकमत’ हे एकाच धातूचे शब्द असतील, तर आज्ञा सोडणारा अधिकारी आणि नाडी पाहणारा वैद्य यांचा संबंध कसा लावायचा? आमच्याकडे तर बंद पडलेला मिक्सर दोरा बांधून चालू करणाऱ्याला हिकमती म्हणतात. तोही याच घरातला का?
— एक निवृत्त शिक्षिका, मिरज

होय, तोही याच घरातला आहे. मात्र हे घर कसे बांधलेले आहे, ते आधी पाहावे लागेल, कारण अरबीतला धातू आपल्या ओळखीच्या संस्कृत धातूसारखा वागत नाही. संस्कृतात ‘कृ’ला प्रत्यय लागून कर्म, कार्य, कर्ता असे शब्द होतात आणि शब्दाची वाढ बहुतेक पुढच्या बाजूला दिसते. अरबीत धातू म्हणजे बहुधा तीन व्यंजने. त्यांचा क्रम बदलत नाही, पण त्यांच्या मधल्या जागांत स्वर बसवून, कधी आधी ‘म’ किंवा ‘त’ लावून, कधी मधले व्यंजन दुप्पट करून शब्द घडवले जातात. आपल्या शब्दांची तीन व्यंजने ह-क-म ही आहेत. यातला ‘ह’ आपल्या ‘ह’पेक्षा घशात अधिक खोल उमटतो आणि अरबी लिपीत त्याला स्वतंत्र अक्षर आहे, तो भेद मराठीत येताना पुसला गेला.

ज्या साच्यात ही व्यंजने ओततात, त्याला अरबी व्याकरणकार ‘वज्न’ म्हणतात. आपले ‘वजन’ ते हेच. साचे दाखवण्यासाठी ते फ-अ-ल ही ‘करणे’ या अर्थाची तीन व्यंजने नमुन्याला घेतात. त्यांतला ‘फाइल’ हा साचा क्रिया करणाऱ्याचा आहे आणि कार्यालयातल्या फायलीशी त्याचा काही संबंध नाही. वारस, साहेब, गाफील, जालीम हे मराठीत रुळलेले शब्द या साच्यातले आहेत आणि ‘हाकीम’ही त्यातलाच, म्हणजे निवाडा करणारा, सत्ता चालवणारा. ‘फईल’ हा दुसरा साचा ज्याच्या अंगी एखादा गुण किंवा स्थिती मुरली आहे, अशासाठी पुष्कळदा येतो. गरीब, अमीर, वकील, वजीर हे त्या साच्याचे आणि ‘हकीम’ही त्याच साच्याचा, म्हणजे ज्याच्या ठायी शहाणपण स्थिर झाले आहे असा. पहिला स्वर दीर्घ की दुसरा, एवढ्या फरकात अधिकारी आणि ज्ञानी वेगळे होतात. तुर्की भाषेने हे दोन्ही शब्द घेतले, आणि तिथे आजही ‘हाकिम’ म्हणजे न्यायाधीश आणि ‘हेकिम’ म्हणजे डॉक्टर असा भेद चालतो.

निवाडा आणि शहाणपण हे अर्थ अरबीत मुळातच एकमेकांना खेटून आहेत. कुराणाच्या एकोणिसाव्या अध्यायात याह्या या प्रेषिताला लहानपणीच ‘हुक्म’ दिल्याचे म्हटले आहे. तिथे बाळाच्या हाती राज्य दिले असा अर्थ कोणी करत नाही. बहुतेक भाष्यकार त्या ठिकाणी समज किंवा शहाणपण हाच अर्थ घेतात. योग्य-अयोग्य ओळखता येणे आणि त्याप्रमाणे निर्णय देता येणे, यांच्यामध्ये त्या भाषेने फार मोठी भिंत बांधली नाही. ‘हकीम’ हे तर ईश्वराच्या नामांपैकी एक आहे, आणि ‘अब्दुल हकीम’ या नावात ते आपल्या कानावरूनही जाते.

आता वैद्याकडे येऊ. ग्रीकांचे तत्त्वज्ञान आणि त्यांचे वैद्यक हे दोन्ही अरबीत आले, ते अब्बासी खलिफांच्या काळात आणि पुष्कळदा त्याच अनुवादकांच्या हातून. दहाव्या शतकाच्या आरंभीचा राझी आणि इ.स. १०३७ मध्ये वारलेला इब्न सीना हे दोघेही एकाच वेळी तत्त्वचिंतक आणि वैद्य होते. तत्त्वज्ञ या अर्थाने त्यांना ‘हकीम’ म्हटले जाई, आणि लोक त्यांच्याकडे औषध मागायला जात. फारसीत मात्र ज्ञानी हा अर्थ टिकून राहिला, म्हणूनच फिर्दौसी आणि खय्याम या कवींच्या नावांआधी ‘हकीम’ लावतात, आणि तो वैद्यकीसाठी लावलेला नाही. हिंदुस्थानात युनानी वैद्यकाबरोबर दुसरा अर्थ पसरला आणि पहिला मागे पडला. हकीम अजमल खान या नावातला ‘हकीम’ वैद्यकीच्या पिढीजात व्यवसायाचा आहे, तत्त्वज्ञानाचा नव्हे. यात आपल्याला नवल वाटायचे कारण नाही, कारण आपला ‘वैद्य’ही विद् म्हणजे जाणणे या धातूतून, विद्येच्या वाटेनेच आलेला आहे. दोन अगदी वेगळ्या भाषाकुळांनी आजाऱ्याला तपासणाऱ्या माणसाला आधी ‘जाणता’ म्हटले आणि नंतर त्या शब्दाचा मूळ अर्थ विसरून गेली.

‘हिकमत’ची उतरण याहून गमतीची आहे. अरबीत ‘हिक्मा’ म्हणजे प्रज्ञा. बगदादमध्ये अब्बासी खलिफांचे जे ग्रंथालय होते, त्याला ‘बैतुल हिक्मा’ म्हणजे प्रज्ञागृह म्हणत. पुढे इ.स. १००५ मध्ये कैरोत ‘दारुल हिक्मा’ निघाले, आणि ते काढणाऱ्या फातिमी खलिफाचे नाव ‘अल् हाकिम’ होते. म्हणजे हाकिमाने हिकमतीला घर बांधून दिले. त्याच्या नावाची कैरोतली मशीद पडझडीला आली होती, तिचा जीर्णोद्धार मुंबईत धर्मपीठ असलेल्या दाऊदी बोहरा समाजाने केला आणि ती १९८० मध्ये पुन्हा खुली झाली. इतक्या थोर घरातला हा शब्द मराठीत येईपर्यंत युक्ती, क्लृप्ती, अडचणीतून काढलेली वाट या अर्थावर येऊन ठेपला. ‘हिकमती माणूस’ यात कौतुक आहे, पण त्या कौतुकात किंचित सावधपणाही आहे. अशा माणसाला आपण मिक्सर दुरुस्त करायला देऊ, घराचे कागद सांभाळायला देताना दोनदा विचार करू. ‘युक्ती’चेही असेच झाले आहे. तर्कशुद्ध जुळणी हा तिचा मूळचा अर्थ होता, आणि आज ती चावीवाचून कुलूप उघडायलाही लागते.

एका व्याख्यानात ऐकले की ‘हकीम’ म्हणजे मुळात घोड्याला लगाम घालणारा. वक्त्यांनी ते छातीठोकपणे सांगितले. हे खरे मानावे का?
— एक वाचक, सातारा

अर्धे खरे मानावे, आणि जे अर्धे खरे आहे ते फार सुंदर आहे.

‘हकीम’चा अर्थ लगाम घालणारा असा कधीच नव्हता. मात्र लगामाचा जो भाग घोड्याच्या जबड्याभोवती बसतो, त्याला अरबीत ‘हकमा’ म्हणतात, आणि तो याच ह-क-म धातूचा शब्द आहे. या दोहोंचा मेळ घालणारा कोशकार म्हणजे दहाव्या शतकात इराणात होऊन गेलेला इब्न फारिस. अरबीतल्या प्रत्येक धातूला एक किंवा फार तर मोजके मूलार्थ असतात आणि बाकीचे सगळे अर्थ त्यांतून फुटतात, अशी त्याची धारणा होती, आणि त्या धारणेवर त्याने सबंध कोश रचला. ह-क-म या धातूखाली त्याने एकच मूलार्थ दिला आहे : ‘मनअ’, म्हणजे अडवणे, रोखणे. त्याच्या मते हुक्म म्हणजे निवाडा, कारण तो जुलमाला रोखतो. हकमा म्हणजे लगामाचा तो भाग, कारण तो जनावराला रोखतो. आणि हिक्मा म्हणजे प्रज्ञा, कारण ती अज्ञानाला रोखते. पुराव्यासाठी त्याने उमय्या काळातल्या जरीर या कवीची एक ओळ दिली आहे. तीत जरीर बनू हनीफा या टोळीला बजावतो की तुमच्यातल्या मूर्खांना आवरा, नाहीतर मला राग येईल अशी तुमच्यासाठीच मला भीती वाटते. ‘आवरा’ या अर्थी त्याने वापरलेले क्रियापद ह-क-म याच धातूचे आहे.

मराठी वाचकाने इथे क्षणभर थांबावे. इब्न फारिसचे ‘मनअ’ म्हणजेच आपले ‘मना’ आणि ‘मनाई’. आपल्या वर्तमानपत्रांत जो ‘मनाई हुकूम’ रोज छापून येतो, त्यात त्याचे सगळे प्रतिपादन दोन शब्दांत आले आहे. जमावबंदीचा आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याच्या हे मनातही नसते, पण त्याने सही केलेला मथळा हजार वर्षांपूर्वीच्या कोशातली नोंद होऊ शकतो.

अरबी कोशकारांना ही कल्पना इतकी मानवली होती की ‘अक्ल’ या शब्दाचीही त्यांनी अशीच फोड केली आहे. अक्ल म्हणजे आपली अक्कल. उंट भरकटू नये म्हणून त्याचा गुडघा दुमडून ज्या दोरीने बांधतात ती ‘इकाल’, आणि अक्कल ही माणसाची इकाल, असे ते म्हणतात. जनावर आवरणे हेच ज्यांचे रोजचे काम होते, त्यांना बुद्धी म्हणजे आवर वाटावी हे समजण्यासारखे आहे, आणि आपल्या ‘संयम’ या शब्दातही यम् म्हणजे आवरणे हाच धातू आहे.

परंतु मूलार्थाची ही रचना आणि शब्दाचा खरा इतिहास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अरबीच्या बहिणींकडे, म्हणजे तिच्याच कुळातल्या भाषांकडे, पाहिले तर ते लगेच कळते. इब्रानीत, म्हणजे हिब्रूत, याच तीन व्यंजनांचा ‘होखमा’ म्हणजे प्रज्ञा आणि ‘हाखाम’ म्हणजे ज्ञानी. मराठी बायबलात ‘नीतिसूत्रे’ नावाच्या ग्रंथात ज्या ज्ञानाची थोरवी गायली आहे, त्याला मूळ इब्रानीत होखमाच म्हटले आहे, आणि रायगड-ठाण्याकडच्या बेने इस्रायली वाचकांपैकी काहींच्या कानावर हा शब्द आलेला असेल. आरामाईत या धातूचा अर्थ शहाणपणाचाच आहे, आणि त्या सर्वांहून जुन्या लेखांत सापडणाऱ्या अक्कादी भाषेत त्याचा अर्थ जाणणे, उमगणे असा आहे. बहिणींच्या घरी जाणण्याचा अर्थ सगळीकडे आणि निवाड्याचा व सत्तेचा विस्तार मुख्यतः अरबीत, असे चित्र असेल, तर आधी जाणणे आणि मग निर्णय देणे हा क्रम अधिक संभवतो, आणि लगाम ही अरबीने पुढे फोडलेली फांदी ठरते. माझे मत विचाराल तर इब्न फारिसने धातूचा इतिहास सांगितला नाही. त्याच्या काळच्या जाणत्या अरबी माणसाला हे शब्द एकत्र कसे दिसत होते, ते त्याने सांगितले. त्याचेही मोल कमी नाही. फक्त व्याख्यानात पहिल्याच्या जागी दुसरे खपवू नये.

मी गेली सहा वर्षे दुबईत नोकरीला आहे. इथल्या सरकारी पाट्यांवर ‘हुकूमत दुबई’ आणि न्यायालयावर ‘महाकिम दुबई’ असे लिहिलेले असते. हिंदीत तर ‘महकमा’ म्हणजे खाते. मग न्यायालयाला हे नाव कसे? कोशात ‘म’खाली शोधले, तर शब्द मिळेना.
— एक वाचक, दुबई

तो ‘म’खाली मिळणार नाही, कारण पारंपरिक रचनेच्या अरबी कोशांत शब्द धातूखाली लावलेले असतात. ‘महकमा’मधला ‘म’ साच्याचा आहे. तो काढला की ह-क-म उरतात आणि तिथे सारे कुटुंब एका जागी भेटते. हाच साचा स्थळाचा, म्हणजे ती क्रिया जिथे चालते त्या जागेचा असतो. ‘दर्स’ म्हणजे पाठ, तो जिथे चालतो तो ‘मदरसा’; निवाडा जिथे होतो तो ‘महकमा’. ‘महाकिम’ हे त्याचे अनेकवचन असल्याने आपण वाचता त्या पाटीचा अर्थ ‘दुबईची न्यायालये’ असा आहे. अरबीत अनेकवचनसुद्धा शब्दाच्या आतले स्वर हलवून करतात, आणि त्यातली काही अनेकवचने आपण एकवचने समजून वापरतो. ‘हुक्म’चे अनेकवचन ‘अहकाम’, तसेच ‘हाल’चे ‘अहवाल’. पण मराठीत एक अहवाल सादर होतो आणि दोनही होतात.

हिंदी-उर्दूतला अर्थ घसरला आहे, चुकलेला नाही. न्यायनिवाडा आणि कारभार एकाच दरबारात चालत असताना न्यायाच्या जागेचे नाव कारभाराच्या शाखेला लागणे अवघड नव्हते.

‘हुकूमत’विषयी थोडे अधिक सांगण्यासारखे आहे. जुन्या अरबीत ‘हुकूमा’ म्हणजे निवाडा करणे, मध्यस्थी करणे. सरकार हा तिचा आजचा अर्थ बराच अलीकडचा आहे. एकटा उच्चारताना शेवटचा ‘त’ ऐकू येत नाही आणि ‘हुकूमा’ होते. पुढे दुबईसारखे नाव आले की तो ‘त’ प्रकट होतो. आपल्याकडे मात्र तो कायमचा आला आहे, कारण हे शब्द आपण अरबांकडून नव्हे, फारसीतून घेतले, आणि फारसीने कित्येक शब्दांना तो ‘त’ पक्का जोडून टाकला होता. दौलत, किंमत, हरकत, हिकमत हे सारे तसेच आलेले. काही शब्दांत मात्र फारसीनेही ‘त’ सोडून दिला, म्हणून आपण ‘महकमत’ म्हणत नाही आणि ‘मदरसत’ही म्हणत नाही. अरबस्तानाशी कोकणपट्टीचा समुद्री व्यापार फार जुना असला, तरी कारभाराचे हे शब्द दख्खनच्या सुलतानांच्या फारसी दफ्तरांतून आले, याची खूण त्यांच्या शेपटालाच लटकलेली आहे. मराठीत या शब्दाने आणखी एक काम पत्करले : ‘भाषेवर हुकमत असणे’ या प्रयोगात ना सरकार आहे ना निवाडा, आहे तो पूर्ण ताबा. दुबईतला अरब आपला ‘हुकूमशहा’ ऐकून मात्र गोंधळेल, कारण अरबी ‘हुक्म’ला फारसी ‘शाह’ जोडून हुकूमशहा केला तो आपण. हिंदीत त्याला तानाशाह म्हणतात.

आपण तिथे राहता, म्हणून याच घरातले आणखी दोन शब्द सांगतो. फुटबॉलच्या सामन्यातला पंच ‘हकम’. दूरचित्रवाणी संचाचा रिमोट म्हणजे ‘जिहाज तहक्कुम’, नियंत्रणाचे साधन. त्यातला ‘जिहाज’ म्हणजे साधनसामग्री, आणि आपल्या जहाजाचे मूळही त्यातच आहे.

पंचाच्या या शब्दाला इस्लामी इतिहासात फार जड स्मरण चिकटले आहे. इ.स. ६५७ मध्ये आजच्या सीरियात, फरात म्हणजे युफ्रेटिस नदीच्या काठी सिफ्फीन येथे खलिफा अली आणि शाम म्हणजे सीरिया प्रांताचा सुभेदार मुआविया यांच्यात लढाई झाली. मुआवियाच्या सैनिकांनी भाल्यांच्या टोकांना कुराणाची पाने लावून उंचावली, लढाई थांबली, आणि दोन्ही बाजूंनी एकेक पंच नेमून वाद सोडवण्याचे ठरले. या पंचायतीचे नाव ‘तहकीम’. साचा ओळखीचा आहे, कारण तपशील, तहसील आणि तजवीज त्याच साच्यातून निघाले आहेत. अलीच्या फौजेतल्या एका गटाला हे मुळीच रुचले नाही. ईश्वराच्या कामात माणसे पंच कशी, असे विचारून त्यांनी घोष केला : ‘ला हुक्म इल्ला लिल्लाह’, म्हणजे ईश्वरावाचून कोणाचाही निवाडा नाही. हेच लोक पुढे खारिजी म्हणून ओळखले गेले. अलीने दिलेले उत्तर परंपरेने जपले आहे : बोल खरा आहे, पण त्यातून साधायचे आहे ते खोटे. त्या घोषात ‘हुक्म’चा अर्थ निवाडा घ्यायचा की सत्ता, हाच तर वाद होता. निवाडा ईश्वराचा हे अलीलाही मान्य होते, पण लोकांना कोणीतरी शास्ता हवाच, असे त्याचे म्हणणे होते. एका शब्दाचे दोन अर्थ इतके जवळ राहत असले की त्यांच्यातली फट किती महाग पडू शकते, याचे याहून ठळक उदाहरण मला ठाऊक नाही.

निवाड्याचा हा जुना अर्थ मराठीतूनही गेलेला नाही. बोलण्यात ‘हुकूम’ म्हणजे आज्ञा, पण दिवाणी न्यायालय वादाचा निकाल लावून जो लेख देते, तो ‘हुकूमनामा’. कायद्याच्या मराठीत ‘आदेश’ आणि ‘हुकूमनामा’ यांच्यात भेद आहे, आणि त्यातला निवाड्याचा वाटा अरबी शब्दाकडे ठेवण्यात आपल्या अनुवादकांनी, कळत असो वा नकळत, शब्दाचे मूळ राखले.

‘हाकीम’ म्हणजे हाकणारा, आणि ‘हक्क’ त्याच्याच घरातला, असे मी माझ्या नातवाला सांगितले. बरोबर आहे ना?
— एक आजोबा, रत्नागिरी

क्षमा करा, दोन्ही बरोबर नाहीत. नातवाला मात्र हे मावळत्या उन्हात पडवीवर बसून सांगितले असणार, तेव्हा त्याचे काही नुकसान झाले नसावे. ‘हाक’ आणि ‘हाकणे’ हे आपले घरचे शब्द आहेत, अरबी नव्हेत. ‘हक्क’ अरबी आहे, पण त्यातला ‘क’ घशाच्या मागून उच्चारला जाणारा वेगळा वर्ण आहे आणि धातूही ह-क-क असा निराळा आहे; हकीकत ही त्या धातूची लेक. मराठी दोन्ही ‘क’ एकाच अक्षराने लिहिते, त्यामुळे असे परके शब्द भाऊ वाटू लागतात. अशीच आणखी एक जोडी सांगतो, कारण तीही पुष्कळांना फसवते : ‘तबीब’ आणि ‘तब्येत’. वैद्य आणि प्रकृती यांचे नाते उघड वाटते, पण पहिल्याचा धातू त-ब-ब आहे, तर दुसऱ्याच्या शेवटी मराठीत लुप्त झालेला घशातला एक वर्ण आहे. अरबी शब्दांचे गोत्र मराठी अक्षरांवरून जुळवू नये; कोशात धातू पाहावा.

‘हुकूम’ लिहिताना ‘कू’ दीर्घ, मग ‘हुकमाला’ लिहिताना तो जातो कुठे? दुसरे असे की आमचे पाहुणे खांडव्याचे; पत्ते खेळताना ते इस्पिकलाच ‘हुकुम’ म्हणतात आणि रोज भांडण होते.
— एक वाचक, जळगाव

अरबीत ‘हुक्म’ हा शब्द जोडाक्षरी आहे. ‘क’ आणि ‘म’ यांच्यामध्ये स्वर नाही. शेवटी असे जोडाक्षर मराठी जिभेला पेलत नाही, म्हणून आपण मध्ये स्वर घातला. ‘मुल्क’चे मुलूख, ‘जुल्म’चे जुलूम, ‘वज्न’चे वजन असेच झाले. एकदा ‘हुकूम’ झाला की त्याला मराठीचा घरचा नियम लागू झाला. माणूस-माणसाला, लाकूड-लाकडाला, बेडूक-बेडकाला, तसेच हुकूम-हुकमाला, मुलूख-मुलखात, जुलूम-जुलमाने. बोलताना आपण ‘हुक्माला’च म्हणतो, आणि गंमत ही की आपल्याच नियमाने आपण नकळत अरबी उच्चाराच्या दारात परत जाऊन उभे राहतो.

पत्त्यांच्या भांडणात दोघेही बरोबर आहात. मराठीत इस्पिक, बदाम, चौकट आणि किल्वर यांपैकी ज्या रंगाला त्या डावापुरती सत्ता मिळते तो ‘हुकूम’, मग तो कोणताही असो. हिंदी मुलखात मात्र ‘हुकुम’ हे इस्पिकाचे कायमचे नाव आहे, आणि तिथला ‘हुकुम का इक्का’ म्हणजे इस्पिकचा एक्का. आपला ‘हुकमी एक्का’ वेगळा. हुकमाच्या रंगाचा असल्यामुळे तो कोणाकडून मारला जात नाही. त्यावरूनच ‘हुकमी’ला हमखास हा अर्थ अधिक घट्ट बसला असावा, आणि आपण हुकमी फलंदाज, हुकमी औषध असे म्हणू लागलो. एखादे मूल पाहुण्यांसमोर हुकमी रडते, तेव्हा तो हुकूम मात्र त्याचा स्वतःचाच असतो. तेव्हा पाने वाटण्याआधीच ठरवून घ्या की आज खांडव्याचे पत्ते की जळगावचे.